काठावरची खाच

आमच्या ह्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, दात लक्षात राहतात. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. एक, चहात साखर किती घेता? दोन, वरची डावी दाढ दुखते का? दुखत होती. महिनाभर दुखत होती आणि मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस मला न सांगता ओळखतो. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, एवढ्यावर भाळले. आज चाळीस वर्षांनी सांगते, त्यांनी फक्त दाढ ओळखली होती.

हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि आमच्या मागच्या खोलीत त्याचे दात होतात. दातावर बसवायची धातूची टोपी करायची असेल तर आधी ती मेणात घडवायची, तिच्याभोवती प्लास्टर ओतायचं, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि आत राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. प्लास्टर कालवताना हवेचा बुडबुडा राहिला, तर धातूवर त्या जागी खसखशीएवढा मणी उमटतो. ह्या मण्यांशी यांचं जन्माचं वैर. नवी नवरी म्हणून मी घरात आले, त्याच्या आठव्या दिवशी माझ्या हातात भिंग देऊन यांनी मला मणी शोधायला बसवलं होतं. एक राहून गेला तर दिवसभर अबोला. आता तुम्हीच सांगा, याला संसार म्हणायचं का कारखाना?

नाण्यांचं खूळ शिरलं ते एका दातांच्या डॉक्टरामुळे. त्या डॉक्टरांनी कौतुकानं यांना एक रोमन नाणं दाखवलं, अठराशे वर्षांपूर्वीचं म्हणून. यांनी खिशातलं भिंग काढलं, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, हे माझ्यासारख्याच कुणीतरी केलंय." रोमन नाणी ओतलेली नसतात. दोन ठशांमध्ये चांदीची चकती धरून वर हातोडा मारायचा, की नाणं तयार. ओतीव दिसलं की समजायचं, खऱ्या नाण्याचा साचा काढून कुणीतरी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय. त्या नाण्यावर राजाच्या कानामागे मणी होता. डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं आणि यांना आयुष्यात पहिल्यांदा दातांपेक्षा गोड काहीतरी सापडलं.

दारूचा नाद लागला असता, तर चार लोकांनी मला निदान सहानुभूती तरी दाखवली असती. नाण्यांच्या नादाला लोक छंद म्हणतात आणि वर कौतुक करतात. यांनी सुताराकडून सपाट खणांचं एक कपाट करून घेतलं. खणात मखमल, मखमलीत गोल खळगे, आणि एकेका खळग्यात एकेका रोमन सम्राटाचं चांदीचं नाणं. क्रमानं, एकही न गाळता. फक्त एक खळगा वीस वर्षं रिकामा होता. डिडियस जुलियनस नावाचा एक सम्राट होऊन गेला. पहारेकऱ्यांनीच आधीच्या सम्राटाला मारलं आणि गादी लिलावात काढली, ती ह्यानं बोली लावून घेतली. सहासष्ट दिवस राज्य केलं आणि सहासष्टाव्या दिवशी मारला गेला. सहासष्ट दिवसांत नाणी ती किती पाडणार? म्हणून ती दुर्मिळ. एका बाजूला त्याचं दाढीवालं डोकं आणि दुसऱ्या बाजूला हातात पृथ्वीचा गोल घेऊन उभा. कडेनं अक्षरं, जगाचा नियंता. मी यांना म्हणायचे, "अहो, ह्याच्यापेक्षा आपल्या गल्लीतला नळदुरुस्तीवाला जास्त दिवस टिकला." यांना हसू यायचं नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या दालनात नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ भरतं. तिथं यांना सगळे 'दातवाले' म्हणतात. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. पण न्याय करायचे ते हे. नियमही यांनीच घालून दिलेला. कुणालाही आपल्या नाण्याचा संशय आला किंवा अभिमान वाटला, तर त्यानं ते मधल्या टेबलावरच्या पांढऱ्या ताटलीत ठेवायचं. एकदा ताटलीत ठेवलं की निकाल मान्य. हे तपासणार, आणि खोटं निघालं तर तिथल्या तिथं त्रिकोणी कानशीनं त्याच्या काठावर खाच पाडणार. मग ते नाणं 'बाद' असं लिहिलेल्या डब्यात. कारण खोटं नाणं घरी परत गेलं की फसलेला माणूस मूग गिळून गप्प बसतो आणि चार महिन्यांनी ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. खाच पडली की नाणं जगात कुठंच विकलं जात नाही. नियम चांगला होता, मी नाही म्हणत नाही. वीस वर्षांत साठेक खाचा पडल्या आणि एकीबद्दलही तक्रार आली नाही. येणार कशी? खाच पडलेलं नाणं पुन्हा तपासून बघतंय कोण?

आता माझ्या दादाबद्दल. दादा माझा थोरला भाऊ. आमचे आईवडील लवकर गेले. मी शिकावं म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो घड्याळं दुरुस्त करायला शिकला. एका जुन्या इमारतीत जिन्याखाली त्याचं दुकान होतं, इतकं अरुंद की आत शिरताना त्याला आडवं व्हावं लागे. डोळ्याला काळं भिंग लावून दिवसभर वाकलेला. त्याच्या हातात जादू होती आणि तोंडात जीभ नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, महाग सांगताय, की हा लगेच, "मग तुम्ही सांगाल तसं." अशानं दुकान मोठं होतं होय?

यांचं बघून दादालाही नाण्यांची गोडी लागली. पण त्याची नाणी म्हणजे कुणी ढुंकून बघणार नाही अशी, तांब्याची, झिजलेली, राजाचं नाक कुठं आणि कान कुठं कळायचं नाही अशी. तो म्हणायचा, "चिमे, झिजलंय म्हणजे किती हातांतून गेलंय बघ." घड्याळाच्या काचा येतात त्या छोट्या पुड्यांमध्ये तो एकेक नाणं ठेवायचा. चांगलं मिळालं की मंडळातल्या कुणाला तरी देऊन टाकायचा. आणि यांच्यावर त्याची श्रद्धा! "जावईबापूंची नजर म्हणजे नजर. घड्याळ चुकेल, ते चुकायचे नाहीत." हे मी हजारदा ऐकलंय.

एके दिवशी दुपारी हे कवळ्या पोचवायला गेले होते, तेव्हा दादा आमच्याकडे आला. दार लावून घेतलं, खिशातून पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एका मेलेल्या घड्याळजीचा सुट्या भागांचा डबा त्यानं जुन्या बाजारातून आणला होता. गंजलेल्या चाकांच्या आणि स्प्रिंगांच्या तळाशी ही काळी पडलेली चकती. काठाला एका जागी घासलेली, बहुतेक कुणीतरी घड्याळाच्या साखळीला अडकवून वापरलेली. त्यानं ती स्वच्छ केली आणि यांनी दिलेल्या तक्त्याशी एकेक अक्षर ताडून पाहिलं.

"चिमे, हा तोच. सहासष्ट दिवसांचा."

"अगं बाई! मग ह्यांना दाखव की आत्ता."

"दाखवायचं नाही, द्यायचंय. त्यांचा खळगा रिकामा आहे ना? रविवारी ताटलीत ठेवतो. ते खरं म्हणाले की सगळ्यांसमोर त्यांच्याच हातात देतो."

"घरीच दे ना. एवढं नाटक कशाला?"

"घरी दिलं तर ती मेहुण्यानं दिलेली वस्तू. तिथं दिलं तर पारखून घेतलेली. तू बोलू नकोस हं त्यांच्याजवळ. शपथ आहे."

मी बोलले नाही. आयुष्यात जिथं तोंड उघडायचं तिथं मी बरोबर गप्प राहिलेली आहे.

रविवारी मी मागच्या खुर्चीवर हजेरीची वही घेऊन बसले होते. दादानं नाणं ताटलीत ठेवलं आणि मागं उभा राहिला, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसा. यांनी नाणं उचललं आणि चेहरा बदलला. तो बदल मला कळला, मंडळातल्या कुणाला नाही. आधी हाव दिसली, मग दुसरंच काहीतरी. वजन केलं, थोडं कमी भरलं. ह्या सम्राटाची नाणी हलकीच असतात हे मला स्वयंपाकघरात बसून ठाऊक होतं, तर यांना नसेल? मग काठावरची घासलेली जागा पाहिली. "इथं कानस फिरलीय. साच्याची शिवण घासली असणार." मग भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"मणी," हे म्हणाले. "मानेच्या मागे तीन. ओतीव आहे."

न्यायाधीशांनी विचारलं, "नक्की ना? नाणं मोठं आहे."

"साहेब, तीस वर्षं मी हेच करतोय. बुडबुड्याचा मणी मला झोपेत ओळखता येतो." मग दादाकडे वळून, "कुठं मिळालं?"

"जुन्या बाजारात. डब्यात," दादा म्हणाला.

"दादा, अशी नाणी डब्यात सापडायला लागली, तर आम्ही सगळे भंगारवाल्याच्या दारात रांग लावू."

सगळे हसले. दादाही हसला. तेच मला सहन होत नाही, तोही हसला. यांनी खिशातून कानस काढली, नाणं चिमट्यात धरलं आणि तीन वेळा फिरवली. नाणं बाद डब्यात पडलं. दादानं रिकाम्या पुडीची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्या वेळी उठून मी एवढंच म्हणायला हवं होतं, "अहो, ते तुमच्यासाठीच आणलंय." म्हटलं असतं, तर ते नाणं खरं निघालं असतं अशी माझी खात्री आहे. वीस वर्षं हे ज्याच्या मागे धावले, ते जिन्याखालच्या घड्याळवाल्याला गंजक्या चाकांत सापडावं, ही गोष्ट यांच्या गळी उतरेना. मत्सर म्हणू का? म्हणते. चाळीस वर्षं यांचे मणी वेचलेत, एवढा हक्क मला आहे.

घरी आल्यावर मी सांगितलं, ते नाणं तुम्हाला द्यायला आणलं होतं त्यानं. यांनी खिशातली कानस काढून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "मग तर बरंच झालं. खोटं नाणं माझ्या कपाटात गेलं असतं." आणि मंडळात कौतुक काय विचारता! स्वतःच्या मेहुण्यालाही सोडलं नाही, याला म्हणतात नजर. मंडळातले औषधाच्या दुकानाचे मालक तर त्याच दिवशी वाचनालयाच्या जिन्यात दादाच्या देखत म्हणाले, "आपलंच नाणं खोटं, तर दुसऱ्याला काय बोलणार, नाही का दातवाले?" हे नुसते हसले.

पुढच्या महिन्यात दादा मंडळात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एकेक जण जिन्याखाली जाऊन त्यानं दिलेली तांब्याची नाणी परत करू लागला. गोड बोलून हं, भांडून नाही. "तुमच्याकडेच असू द्या, आमच्याकडे जागा नाही." दादा घ्यायचा आणि चहा मागवायचा. आमच्याकडे येणंजाणं त्यानं तोडलं नाही. पण नाण्यांचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचा. आणि एक नवीनच सुरू झालं. घड्याळ उघडल्यावर तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "मला वाटतंय हे चाक गेलंय. पण तुम्ही आणखी कुणाला तरी दाखवून घ्या." ज्याच्या हातात जादू होती, तो माणूस असं बोलायला लागला. गिऱ्हाइकं आणखी कुणाला तरी दाखवायला जायची आणि तिकडचीच व्हायची.

अशी अकरा वर्षं गेली.

मागच्या वर्षी यांनी मागवलेली एक जुनी लिलावाची यादी टपालानं आली, ऐंशी वर्षांपूर्वी छापलेली, शेवटी नाण्यांची चित्रं. त्यानंतर दोन दिवस हे भट्टीजवळ गेले नाहीत. एका डॉक्टरांचे तीन निरोप आले, तरी टोप्या तशाच पडून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तिथं येऊन यांनी ते पान माझ्यासमोर धरलं आणि भिंग दिलं. मला भिंग धरायची सवय यांनीच लावलीय. सहासष्ट दिवसांच्या राजाचं नाणं होतं. मानेच्या मागे तीन मणी, त्याच जागी.

"म्हणजे हेही ओतीव?" मी विचारलं.

"काठ बघ," हे म्हणाले. "दादांच्या नाण्यावर डावीकडची अक्षरं कापली गेली होती, इथं उजवीकडची गेलीत. आकारही वेगळा. एकाच साच्यातून काढलेली दोन नाणी काठासकट सारखी निघतात. ही ठोकलेली आहेत, एकाच ठशानं. आणि बुडबुडे दोन वेळा त्याच जागी येत नसतात. ठसा लोखंडी होता, तो गंजला, त्याला खड्डे पडले. प्रत्येक घावाला चांदी त्या खड्ड्यांत शिरली. मणी गंजाचे आहेत."

"म्हणजे तुम्ही चुकलात."

"चुकलो."

खरं सांगते, त्या क्षणी मला यांची कीव आली. आयुष्यभर ज्या मण्यांवर नजर ठेवली, त्यांनीच दगा दिला. माणूस म्हटला की चुकतो, मी माफ केलं असतं. पण हे थांबले नाहीत. एकदा बांध फुटला की यांना थांबता येत नाही.

"कानस फिरवली ना, तेव्हाच कळलं होतं मला," हे म्हणाले. "नव्या चांदीचा कीस निघतो, लांब, वळलेला. जुनी चांदी आतून दाणेदार होते, ठिसूळ. तिचा भुगा पडतो. भुगा पडला होता. साखरेसारखा."

"कितव्या वेळी?"

"पहिल्याच."

"आणि मग आणखी दोनदा फिरवलीत?"

हे खाली बघत म्हणाले, "सगळे बघत होते."

मी गॅस बंद केला. बराच वेळ ओटाच पुसत राहिले. मग म्हटलं, "सगळे बघत होते ना? मग आता सगळ्यांसमोरच सांगा. रविवारी."

"आधी दादांना सांगू. त्यांना काय वाटतं ते बघू. मग मंडळाचं."

दादा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. छातीचा आजार, दुकान बंद होऊन आठ महिने झालेले. खिडकीजवळ पलंग, उशाशी औषधं आणि भिंतीवर तीन घड्याळं, तिन्ही बंद. आम्ही गेलो तशी वहिनीनं पाठीशी उशी देऊन त्याला बसवलं. यांनी यादी उघडली, चित्र दाखवलं, काठ, ठसा, गंज, सगळं अगदी डॉक्टरला समजावून सांगावं तसं सांगितलं. दादा शेवटपर्यंत ऐकत होता. मग हसला.

"जावईबापू, माझं मन राखायला एवढे जिने चढून आलात."

"मन राखायला नाही, दादा. नाणं खरं होतं. मी चुकलो."

"मंडळात सांगितलंत?"

"अजून नाही."

"बघा, म्हणजे झालं की." दादाला धाप लागली, तो थांबला. "खरं असतं तर तुम्ही आधी तिथं सांगितलं असतं. तुमचा स्वभाव मला माहीत नाही होय? मेहुण्याला सोडलं नाहीत तुम्ही, मग स्वतःला कसे सोडाल?"

मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी बोला. हे यादीचं पान सरळ करत बसले. मग मीच म्हटलं, "दादा, ह्यांना त्याच दिवशी कळलं होतं. खाच पाडताना भुगा पडला होता."

"चिमे, तू लहानपणापासून माझीच बाजू घेतेस," दादा म्हणाला. "नवऱ्यावर आळ घेऊ नये असा. अगं, तो डबा दे जरा." शेवटचं वहिनीला उद्देशून.

वहिनीनं पलंगाखालून पत्र्याचा डबा काढला. आत त्याच त्या काचांच्या पुड्या, एकेचाळीस. दादानं एक उघडून यांच्या हातावर ठेवली. झिजलेलं तांब्याचं नाणं, आणि काठावर खाच. यांनी दुसरी पुडी उघडली. खाच. तिसरी. खाच. सुबक, एकसारख्या, घड्याळजीच्या हातच्या.

"त्याच आठवड्यात पाडल्या," दादा म्हणाला. "परत आली तीही. जे सगळ्यात खरं वाटलं तेच खोटं निघालं, मग बाकीच्यांचं काय? माझ्या नजरेचा भरवसा उरला नाही. उद्या मी गेल्यावर कुणी विकली आणि कुणी फसलं, तर? नियम तो नियम."

हे भिंग काढून एकेक नाणं बघत राहिले. वहिनीनं आणलेला चहा तसाच गार झाला. एकेचाळिसावं पाहून झाल्यावर यांनी पुड्या पुन्हा होत्या तशा लावल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

वहिनी आम्हाला पोचवायला जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेतलं आणि यांना विचारलं, "त्यांतली किती खरी होती?"

"सगळी," हे म्हणाले.

वहिनी कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मग आता त्यांना पटवू नका. ते पहिलं खरं होतं असं पटलं, तर ही एकेचाळीस आपण हातानं बिघडवली हेही कळेल. जाताना एवढं ओझं नको त्यांना." मग माझ्याकडे वळली, "वन्सं, तुम्हीसुद्धा बोलू नका."

पुन्हा गप्प बसायचं माझ्याच वाट्याला आलं. दादा आणखी बारा दिवस होता. मी रोज जात होते. तो मला म्हणायचा, "जावईबापूंना सांग, मला राग नाही. त्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून मी आणखी कुणाला फसवलं नाही." मी "बरं" म्हणायचे आणि बाहेर येऊन वहिनीच्या खांद्यावर रडायचे. खोट्या अपराधाचं ओझं घेऊन माझा भाऊ गेला, आणि वर आभार मानून गेला.

पुढच्या दुसऱ्या रविवारी यांनी मंडळात बोलायचं ठरवलं. वहिनीलाही बोलावलं होतं, ती माझ्या शेजारी बसली. यांनी कोट घातला होता. उभे राहिले, यादी दाखवली, बाद डब्यातून ते नाणं काढून ताटलीत ठेवलं, ठसा आणि गंज समजावला. म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर माझ्याकडून चूक झाली. ही यादी हाती येईपर्यंत मला तिची कल्पनाही नव्हती. आज आमचे मेहुणे हयात नाहीत. मी त्यांची जाहीर माफी मागतो." माफी खोटी नव्हती, मी ओळखते. पण भुग्याचं नाव नाही, आणि त्या एकेचाळीस नाण्यांचंही.

मग न्यायाधीश उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग औषधवाले, मग सगळेच. न्यायाधीश म्हणाले, "चूक करणारे खूप असतात, कबूल करायला मोठं मन लागतं. दातवाल्यांनी आज आपल्या सगळ्यांना धडा घालून दिला." लगेच यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं आणि एकमतानं मंजूर झाला. कुणाला तरी आठवलं म्हणून त्याच ठरावाच्या शेवटी दादाच्या दुखवट्याचं एक वाक्य जोडलं. टाळ्या चालू असतानाच वहिनी उठून निघून गेली. मी यांच्याकडे पाहत होते. हे डोळे पुसत होते, पण चेहरा उजळला होता, अवघड टोपी एका फटक्यात बसली की उजळतो तसा.

परतताना हे माझ्या बाजूनं चालत होते. चौक ओलांडून झाल्यावर म्हणाले, "कसं झालं बोलणं?"

"भुग्याचं सांगायचं राहिलं," मी म्हटलं.

"ते सांगून काय वेगळं झालं असतं?"

"टाळ्या पडल्या नसत्या."